वजाबाकीचे फोटो

१८ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यात ग्रॅपचा चौथा टप्पा लागू झाला. ग्रॅप म्हणजे हवा बिघडत जाईल तसतसं काय काय बंद करायचं याची सरकारी उतरंड. दिल्लीतल्या शाळा बंद झाल्या, पाठोपाठ नोएडा-गाझियाबादच्याही, आणि इथल्या बोलीत शाळा ‘ऑनलाइन गेली’. ती नेमकी कुठे गेली हे खोडा कॉलनीत राहणाऱ्यांना विचारावं. नोएडा, गाझियाबाद आणि दिल्ली यांच्या सांध्यावरची ही दाट वस्ती. तिथल्या एका खोलीत आम्ही काही जण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो, तीही तेव्हा बंद. मुलांचे आईवडील बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले. घरात फोन एक, तोही दिवसभर वडिलांसोबत डिलिव्हरीवर किंवा ई-रिक्षात. म्हणजे शाळा रात्री आठनंतर भरणार, चार्जरला लटकलेल्या फोनवर, तीही धाकट्याचं कार्टून संपल्यावर.

गणित शिकवायला जालावर साहित्य नाही, असं आता कुणी म्हणू नये. एनसीईआरटीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी संकेतस्थळावर पुस्तकातला चौकोनी कोड स्कॅन केला की धडा हजर. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टरने २००१ मध्ये सुरू केलेलं जिओजिब्रा आहे. त्रिकोणाचं टोक बोटाने ओढत न्या, कोनांची बेरीज १८० वरून हलत नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून भूमिती करायच्या कृती आहेत, मराठी पुस्तकांचा ढीगही आहे. हे सगळं मी वापरलेलं आहे, आवडलेलंही आहे. पण त्या नोव्हेंबरात माझी अडचण वेगळी होती. व्हिडिओ बघणारं मूल मान डोलावतं, आणि डोलावलेल्या मानेत बरोबर काय नि चूक काय हे दिसत नाही. मला हवी होती अशी एखादी गोष्ट, जी फोनवरून एका ओळीत सांगता येईल, वहीत करता येईल, आणि जिच्यात झालेली चूक मी बोट ठेवण्याआधी मुलालाच टोचेल.

ती सहावीच्या नव्या पुस्तकात होती. एनसीईआरटीचं ‘गणित प्रकाश’ त्याच वर्षी, २०२४ मध्ये आलं. त्यात संख्यांच्या खेळांचा एक धडा आहे आणि त्या धड्यात, एनसीईआरटीच्या दिल्लीतल्या श्री अरविंद मार्गावरून देशभर जाणाऱ्या पुस्तकात, देवळालीचे कापरेकर मास्तर आहेत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळेत शिकवलं, पदव्युत्तर पदवी नाही, आकड्यांचा नाद मात्र जबर. मद्रासच्या गणित परिषदेत १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येबद्दल सांगितलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. आपल्याकडे कधी कळले, हा प्रश्न बाजूला ठेवते.

कृती सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून धाकटी वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

रात्री मुलांच्या फोनवरच्या गटावर मी आवाजी निरोप टाकला: आपलं जन्मसाल घ्या, करत जा, वहीचा फोटो पाठवा. फोटो यायला लागले. पिवळ्या बल्बखाली काढलेले, तिरके, एकात अर्ध्या पानावर मांजराचं शेपूट. २०१२ वाले तीन फेऱ्यांत पोहोचले: २०८८, ८५३२, ६१७४. २०१३ वालेही तीन फेऱ्यांत. २०११ ला चार लागतात. सगळ्यांना पटापट उत्तर आल्यावर खेळ संपल्यासारखा झाला, म्हणून मी कापरेकरांचं स्वतःचं जन्मसाल दिलं. १९०५. हे साल बेरकी आहे. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पुऱ्या सात फेऱ्या. सात वजाबाक्या, प्रत्येकीत हातचा. वजाबाकीचा असा गृहपाठ मी एरवी दिला असता तर दोन वह्या आल्या असत्या.

पण मला खरं सांगायचंय ते चुकलेल्या फोटोंबद्दल.

एका मुलाचा निरोप आला, “मैम, मेरा तो ज़ीरो आ गया.” पाठोपाठ आणखी दोघांचा. शून्य यायलाच नको. फोटो मोठा करून पाहिला. २०१३ वरून ३२१० वजा ०१२३, आणि खाली ३११३. पुढच्या ओळीत ३३११ वजा ११३३, उत्तर २२२२. त्यातून २२२२ गेले, शून्य. दुसऱ्याच्या वहीत आकडे वेगळे, पण नक्षी तीच: आधी दोन्ही टोकांकडून सारखं वाचता येणारं उत्तर, मग चारही अंक एकच, मग शून्य.

एका स्तंभात वरचा अंक लहान आणि खालचा मोठा असला की ही मुलं सरळ मोठ्यातून लहान काढतात. शून्यातून तीन जात नाहीत, मग तिनातून शून्य काढा. ही चूक जगभरची आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांवर एक गाजलेला निबंध लिहिला. निष्काळजीपणा म्हणून आपण ज्याला लाल रेघ मारतो ते पुष्कळदा मुलाने इमानाने पाळलेला चुकीचा नियम असतो, हे त्यांनी दाखवलं. एरवीच्या उदाहरणांत हा नियम लपून राहतो. दहा गणितांतली चार चुकतात, मूल म्हणतं लक्ष नव्हतं, आपण म्हणतो लक्ष दे. कापरेकरांच्या कृतीत तो लपूच शकत नाही. वरची संख्या खालचीच उलटी लिहिलेली असते, त्यामुळे हजाराच्या आणि एककाच्या स्तंभात तीच दोन अंकांची जोडी, आणि मधल्या दोन स्तंभांतही तसंच. प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान काढलं तर उत्तर दोन्हीकडून सारखंच वाचलं जाणार. त्यावर पुन्हा तोच नियम चालवला की चारही अंक एक होणार. नंतर शून्य. सुटकाच नाही. हातचे नीट घेऊन केलेल्या वजाबाकीत असं दोन्हीकडून सारखं उत्तर एकच येऊ शकतं, ५४४५. तेवढं सोडलं तर फोटोतला आकडा डावी-उजवीकडून वाचायचा आणि मुलाची चूक ओळखायची, वही हातात न घेता.

एका मुलीचं शून्य मात्र निराळं निघालं. तिने २१११ घेतलं होतं. २१११ वजा १११२, उत्तर ९९९, हे बरोबर. मग ९९९ मधून ९९९ काढले, शून्य. तिची वजाबाकी चोख होती. तिने हजाराच्या घरातला शून्य लिहिला नाही एवढंच. ‘आगे वाला ज़ीरो तो बेकार होता है’ हे तिला शाळेत कुणीतरी शिकवलेलं, आणि एरवी ते खरंही आहे. इथे तो शून्य ठेवला की ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१, आणि गाडी पुन्हा रुळावर: ८०८२, ८५३२, ६१७४. एकच शून्य उत्तर, दोन अगदी वेगळी कारणं. आकड्यांपुढे लाल फुली मारणाऱ्या ॲपला हा फरक कळत नाही, म्हणून मी त्या ॲपांच्या फार नादी लागत नाही.

तिसऱ्या जातीच्या चुका हातचा घेऊन विसरणाऱ्यांच्या. ८७३० वजा ०३७८ चं उत्तर ८३५२. एका वहीत ८४६२ होतं. दोनदा उसना घेतला, दोनदा शेजारच्या घरातून कमी करायचा राहिला. इथे नवाची कसोटी कामाला येते. संख्येचे अंक फिरवून वजा केलं की उत्तराला नवाने भाग जातोच, म्हणजे अंकांची बेरीजही नवाच्या पटीत. आठ, चार, सहा, दोन: वीस. अठरावर दोन उरले, आणि राहिलेले हातचेही दोनच, कारण विसरलेला प्रत्येक हातचा बेरजेच्या बाकीत एक घालतो. मुलांना मी हे सिद्ध करून दाखवलं नाही. प्रत्येक ओळीपुढे अंकांची बेरीज लिहा, नवाच्या पाढ्यात नसेल तिथे थांबा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या रात्रीचे फोटो बदलले. समासात लहान लहान बेरजा, आणि एखाद्या ओळीवर काट मारून खाली तीच वजाबाकी पुन्हा. काट मारणारा हात त्यांचाच होता.

चुकीचा नियम सापडला म्हणजे सुटला असं नाही. त्यासाठी शाळा उघडल्यावर आम्ही खेळण्यातल्या नोटा आणल्या: हजार, शंभर, दहा, एक. शून्यातून आठ द्यायचे आहेत, तर दहाची नोट मोडावी लागते. खोडातल्या मुलांना ‘छुट्टा’ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही, त्यातली निम्मी दुकानावर बसतात. आठ हजार सातशे तीस रुपयांतून तीनशे अठ्ठ्याहत्तर देताना कुणीही आठातून शून्य काढून दिला नाही. वहीत जे पोरगं शून्याखालच्या आठला उलटं फिरवतं तेच गल्ल्यावर एक रुपया सोडत नाही. दिल्लीतच शकरपूरला जोडो ज्ञान ही संस्था आहे, तिची गणितमाळ मी धाकट्यांसाठी वापरते: शंभर मण्यांची दोरी, दर दहा मण्यांना रंग बदललेला. दोन संख्यांमधलं अंतर म्हणजे वजाबाकी हे तिच्यावर बोट फिरवताना कळतं. चार अंकी वजाबाकीला मात्र नोटाच बऱ्या.

मग एका मुलीने, जिचे बहुतेक फोटो धूसर असत, एक स्पष्ट फोटो पाठवला. ३०८७, ८३५२, ६१७४ या ओळींत तिने पहिला नि शेवटचा अंक एका कमानीने जोडला होता, आणि मधले दोन दुसऱ्या. कमानींवर लिहिलेलं: १०, ८. खाली: “हर बार.” हर बार नाही, मधले दोन अंक सारखे असले, उदाहरणार्थ २०२५ वरून ५२२० वजा ०२२५, तर ४९९५ येतं आणि कमानींवर ९ नि १८ लिहावे लागतात. तिने ते स्वतः दोन दिवसांनी शोधलं. दहा का, हे विचारल्यावर मात्र आम्ही सगळे पुन्हा हातच्यापाशी आलो: एककाच्या घरात नेहमी लहानातून मोठा काढायचा असतो, तिथे दहा उसने येतातच, ते दहा टोकांच्या बेरजेत दिसतात. मधल्या घरांतही दहा येतात, पण त्या घरांनी प्रत्येकी एक उसना दिलेला असतो, म्हणून आठ. हे समजायला वर्गाला सबंध एक संध्याकाळ लागली. सातवीच्या पुस्तकात अक्षरं येतील तेव्हा याच गोष्टीला एक ओळ पुरेल.

ग्रॅपचे टप्पे उतरले, मुलं खोलीत परत आली, तरी रात्रीचे फोटो थांबले नाहीत. कमानीवाल्या मुलीने पाच अंक घ्यायचं ठरवलं. १२३४५ पासून सुरुवात: ४१९७६, ८२९६२, ७५९३३, ६३९५४, ६१९७४, आणि पुन्हा ८२९६२. दोन पानं भरून ती त्याच चार संख्यांभोवती फिरत होती. “मैम, कहीं गलती है, पर नौ वाला हर लाइन में ठीक आ रहा है.” चूक नव्हतीच, पाच अंकांना एकच मुक्कामाची संख्या नसते. मी ते तिला लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शून्य काढणाऱ्या त्याच मुलाने ५३९५५ आणि ५९९९४ ही दोनच संख्यांची जोडी पाठवली, एकीतून दुसरी आणि दुसरीतून पहिली. आता दोघांत वाद चालू आहे की अशा फेऱ्या एकूण किती, आणि त्यासाठी वडिलांच्या फोनवर हिशोबाचा तक्ता कोण मांडणार.