पायाच्या नखांची बुरशी

पावसाळ्यात शेतात लावणीची धांदल सुरू होते आणि शेतकरी बंधुभगिनींचे पाय दिवसदिवसभर चिखलपाण्यात राहतात. बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून खाजू लागते, तीस आपण चिखल्या म्हणतो. पाऊस सरला की त्या आपोआप जातील, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु चिखल्यांत पुष्कळदा बुरशी असते, व ती तेथून नखाखाली शिरते. नख टोकाकडून पिवळे पडते, जाड होते, भुसभुशीत होऊन तुटू लागते. दुखत नसल्याने त्याकडे कोणी पाहत नाही. मधुमेही व्यक्तीस मात्र हे दुर्लक्ष महागात पडते. पायाची संवेदना मंदावलेली असल्यास जाड नखाने झालेली जखम कळत नाही आणि बेचक्यातील भेगेतून जंतू शिरून पाय सुजतो.

बिघडलेले प्रत्येक नख बुरशीचेच असते असे नाही. मार लागल्याने किंवा सोरायसिसनेही नख असेच दिसते. म्हणून नखाचा खरवडलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा व मगच औषध सुरू करावे.

पायाच्या नखांसाठी टर्बिनाफीनच्या गोळ्या बहुधा बारा आठवडे घ्याव्या लागतात, त्याही यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. येथेच बहुतेकांची फसगत होते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख पूर्ण नवे येण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. गोळ्या संपल्या तरी जुने नख विद्रूपच दिसते, म्हणून औषध निरुपयोगी ठरवून ते अर्ध्यावर सोडू नये. मुळाशी स्वच्छ नख येत आहे का, हे पाहावे. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे तर लावूच नयेत. त्यांनी खाज थांबते, बुरशी मात्र फोफावते.

शेतातून परतल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बेचके वेगळ्या फडक्याने कोरडे करावेत. रबरी बूट रात्री पालथे घालून वाळवावेत. नखे कापण्याचे साधन बाधित व्यक्तीचे निराळे असावे, आणि घरात कोणास गजकर्ण असल्यास त्याचाही उपचार त्याच वेळी व्हावा.

शिक्षकांस एक विनंती. गणवेशाच्या शिस्तीपायी मुले ओल्या मोज्यांत पाच-सहा तास बसतात. पावसाळ्यात त्यांना उघड्या चपला घालू द्याव्यात, निदान वर्गात बूट काढण्याची मुभा असावी.