एका दांड्याला एक काडतूस

पुणे-सोलापूर रस्त्यावर वरवंडच्या आसपास एखाद्या जुन्या बागायतदाराकडे परवान्याची बारा बोअर असली, तर तिच्या काडतुसाच्या पितळी बुडावर बहुधा ‘केएफ’ ही रोमन अक्षरं दिसतात. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना. उसात रानडुकरं शिरली म्हणून हवेत बार काढला, की रिकामी पुंगळी बांधावर पडते. तिचं पुढे काही होऊ शकतं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

अमेरिकेत हौशी नेमबाज ती सहसा टाकत नाही. रायफल किंवा पिस्तुलाच्या काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. टोपी, दारू आणि गोळी एका बारात खर्ची पडतात. पुंगळी उरते, आणि चौघांत महागडी सहसा तीच. तिला पुन्हा मापात आणायची, नवा ऐवज भरायचा आणि परत वापरायची, असा उद्योग तिकडे घरोघरच्या गॅरेजमध्ये चालतो. या उद्योगातलं मानाचं यंत्र म्हणजे प्रोग्रेसिव्ह प्रेस.

बहुतेकांची सुरुवात मात्र साध्या, एका साच्याच्या प्रेसवर होते. जाड लोखंडी चौकट, एक दांडा, वर एकच साचा. फ्रेड हंटिंग्टन यांनी 1943 साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या आरसीबीएस कंपनीची ‘रॉक चकर’ ही त्यातली नावाजलेली. शंभर काडतुसं भरायची तर आधी शंभर वेळा दांडा ओढून जुन्या टोप्या काढायच्या आणि बारामुळे फुगलेलं पितळ मापात आणायचं. मग साचा बदलायचा आणि पुन्हा शंभर. पुढे टोप्या बसवायच्या, दारू मोजून भरायची, शेवटी गोळ्या दाबायच्या. प्रत्येक पुंगळी कितीदा तरी हातातून जाते आणि तासाभरात जेमतेम अर्धशतक ते शतक गाठलं जातं. स्पर्धेसाठी महिन्याला हजारो गोळ्या झाडणाऱ्याला हे कसं परवडणार? म्हणून तो प्रोग्रेसिव्हकडे वळतो.

या प्रेसमध्ये साचे जागचे हलत नाहीत. त्यांच्याखाली पुंगळ्या धरणारी गोल तबकडी फिरते. दांडा ओढला की तबकडी वर चढते आणि चार पुंगळ्या एकाच वेळी आपापल्या साच्याशी भिडतात. पहिलीची जुनी टोपी निघते, दुसरीत दारू उतरते, तिसरीवर गोळी दाबली जाते, चौथीचं तोंड आवळलं जातं. दांडा परत नेऊन पुढे रेटला की पहिल्या घरात खालून नवी टोपी बसते. मग तबकडी एक घर सरकते. चारही घरं भरलेली असली की प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस डब्यात पडतं. भोसरी-रांजणगावच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला हे चटकन कळेल. तिथल्या प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये पत्र्याची पट्टी अशीच घराघराने सरकते, कुठे भोक, कुठे वाक घेत जाते आणि प्रत्येक ठोक्याला शेवटच्या घरातून एक पुरा भाग गळतो.

सगळ्यात देखणं आहे ते दारूचं माप. वर नळकांड्यात दारू, खाली एक सरकती पट्टी आणि त्या पट्टीत कमी-जास्त करता येणारी पोकळी. पट्टीला ढकलतं कोण, तर खालून वर आलेली पुंगळीच. घरात पुंगळी असेल तर माप सरकतं आणि दारू उतरते. घर रिकामं असेल तर माप जागेवर राहतं, कणही सांडत नाही. वीज नाही, सेन्सर नाही. ज्याने कुणी ही जुळणी पहिल्यांदा केली, त्याला हात जोडावेत.

या प्रेसचं नाव घरोघर नेलं ते माइक डिलन यांनी. विमान कंपनीत वैमानिक असलेले डिलन आधी ‘स्टार’ कंपनीच्या जुन्या प्रेसमध्ये फेरफार करून त्या रायफलीच्या काडतुसांजोग्या करत. पुढे त्यांनी अ‍ॅरिझोनात स्वतःची कंपनी काढली. तिचं ‘550’ मॉडेल 1980च्या दशकातलं. चार घरांचं, आणि त्यातली तबकडी हाताने फिरवायची. तासाला चारशे ते सहाशे काडतुसं, असा कंपनीचा दावा. 2019मध्ये आलेल्या ‘750’ला पाच घरं आहेत आणि त्यातली तबकडी आपोआप फिरते. पैसे वाचतात म्हणून ही प्रेस घेतो, असं घेणारा सांगतो खरा. प्रत्यक्षात तो तेवढ्याच पैशांत जास्त गोळ्या उडवतो.

वेगाची किंमत मात्र लक्ष देऊन चुकवावी लागते. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम असतं. दारू भरलेल्या पुंगळ्या फळीवर ओळीने लावून वरून बॅटरी मारली की कमी-जास्त लगेच दिसतं. प्रोग्रेसिव्हवर चार कामं एकाच ओढीत होतात आणि डोळे दोनच. हाताने फिरवायच्या तबकडीवर कुणी हाक मारली, फोन वाजला, आणि फिरवायची राहून गेली, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडते. पिस्तुलाच्या काही दारू इतक्या कमी लागतात की दुप्पट भरली तरी पुंगळीतून ओसंडत नाही, त्यामुळे चूक दिसत नाही. असं काडतूस हातातलं पिस्तूल फोडू शकतं. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून सुटलेली पुढची गोळी नळी फाडते. आपोआप फिरणारी तबकडी पहिली चूक बरीचशी टाळते, पण मध्येच काही अडकलं आणि माणसाने दांडा पुढे-मागे हलवून पाहिला, की कुठल्या घरात काय झालं याचा हिशेब सुटतो. म्हणून दारूची पातळी कमी-जास्त झाली की गजर करणारा एक वेगळा साचा मिळतो. टोप्यांची नळी हे आणखी एक दुखणं: एकावर एक रचलेल्या शंभर टोप्यांपैकी एक चिरडली, तर सगळी नळी पेटू शकते. म्हणून तिच्याभोवती जाड धातूचं कवच असतं.

आता महाराष्ट्रात या. खडकीचा कारखाना 1869चा. 1 ऑक्टोबर 2021पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, तसाच जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखानाही. घरी करायचं हेच काम तिथे मोठ्या यंत्रांवर आणि कडक शिस्तीत चालतं. या धंद्यात शिस्तही नेहमी पुरत नाही. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा जीव गेला.

आपल्या नेमबाजांना तरी ही प्रेस हवी का? पॅरिसमध्ये 2024 साली ब्राँझ जिंकलेल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचा प्रकार पन्नास मीटर रायफलचा. राही सरनोबतचा पंचवीस मीटर पिस्तुलाचा. दोन्हींत पॉइंट टू टूची काडतुसं लागतात. त्यांना वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो आणि बार उडताना तो काठ चेपला जातो. ती पुंगळी घरच्या प्रेसवर पुन्हा भरता येत नाही. म्हणजे बालेवाडीत घाम गाळणाऱ्या बहुतेक पोरांना या यंत्राचा उपयोग शून्य. उपयोग मोठ्या बोअरच्या मोजक्या प्रकारांना, आणि तिथेही टोपीची जात पाहावी लागते. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत मधोमध एकच भोक असल्याने साच्यातली सुई जुनी टोपी सहज ढकलते. बर्डन पद्धतीत भोकं बाजूला असतात आणि सुई मधल्या पितळावर आपटते. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकी. पण बॉक्सरची टोपी अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात.

मोठी अडचण कायद्याची आहे. 1959च्या शस्त्र कायद्याचं कलम 5 परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई करतं. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा, काडतुसं बनवायचा वेगळा. कलम 2मधल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. त्यामुळे गोळी एकही न भरता नुसती प्रेस घरात ठेवणाराही अडकू शकतो. 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं तुरुंगवास आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. भरवस्तीत, गॅसच्या टाकीशेजारी कुणी दारू मोजत बसू नये, एवढ्यापुरता हा कायदा योग्यच आहे. नेमबाजी संघटनांनी एखाद्या सरकारी रेंजवर, देखरेखीखाली अशी प्रेस बसवायची परवानगी मागितली, तर तिचा विचार व्हायला हरकत नाही.

तोवर वरवंड असो की वरणगाव, आजोबांच्या कपाटात जुनी काडतुसं सापडली तर ती उघडून पाहू नका, उन्हात वाळवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि ते सांगतील तिथे जमा करा.