दाहशामक औषधें आणि प्रोस्टेटचा कर्करोग

वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बाजारांतील हा मान नवा असला, तरी घरोघरीं तिला असलेला मान फार जुना. मुका मार लागला कीं हळदीचा लेप, घसा धरला कीं हळद घातलेलें दूध, हें सांगावयास वैद्य लागत नाहीं. जखमेवर हळद लावण्याच्या या परिचित उपयोगावरच अमेरिकेंत १९९५ सालीं पेटंट दिलें गेलें, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ पुढें करून १९९७ सालीं तें रद्द करविलें.

सूज व दाह यांवर हळद चालते, त्या अर्थीं ती कर्करोगासहि अटकाव करीत असली पाहिजे, असें अनुमान हल्लीं पुष्कळदां ऐकूं येतें. अ‍ॅस्पिरिनविषयींहि हेंच बोललें जातें. उतारवयांतील पुरुषांना होणाऱ्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगापुरतें तें तपासून पाहण्याजोगें आहे.

अनुमान वेडगळ खास नाहीं. दाह दीर्घकाळ रेंगाळला म्हणजे पेशी पुनःपुन्हां मरतात व नव्या घडतात, आणि प्रत्येक घडणींत चूक होण्यास वाव राहतो. वृद्धांच्या प्रोस्टेट ग्रंथींत असा दाह वारंवार आढळतो. दाह भडकविणाऱ्या द्रव्यांपैकीं प्रोस्टाग्लँडिन हें नांव तर या ग्रंथीवरूनच पडलें. हीं द्रव्यें तयार होऊं न देणें हेंच अ‍ॅस्पिरिनचें कार्य, असें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें. त्या कार्याबद्दल त्यांना १९८२ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या पुरुषांत हा कर्करोग किंचित् कमी आढळतो, असें अनेक पाहण्यांत दिसलें आहे. परंतु येथें एक गोम आहे. या औषधांनीं रक्तांतील 'पी. एस. ए.' या प्रथिनाचा आंकडा खालीं येऊं शकतो, आणि पुढील तपासणी करावयाची कीं नाहीं हें पुष्कळदां त्याच आंकड्यावर ठरतें. म्हणजे रोग कमी झाला, कीं केवळ कमी सांपडला?

याचा निवाडा प्रत्यक्ष प्रयोगानेंच व्हावयाचा. रोफेकॉक्सिब हें दाहशामक औषध प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीं अजमावणें चालूं असतांच, त्यानें हृदयविकाराचा धोका वाढतो असें आढळून २००४ सालीं तें बाजारांतून काढून घेण्यांत आलें व प्रयोगहि थांबला. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,००० हून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांवरील अ‍ॅस्पिरिनच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत कर्करोग कमी झाला नाहीं. उलट कर्करोगानें झालेले मृत्यु अ‍ॅस्पिरिनच्या गटांत कांहींसे अधिक भरले, आणि रक्तस्राव तर निश्चितच वाढला.

तेव्हां या रोगाच्या भीतीनें रोज वेदनाशामक गोळी घेणें अनाठायीं होय. पोटांतील रक्तस्राव आणि मूत्रपिंडास अपाय हे तिचे तोटे अनुमानाचे नव्हत, अनुभवाचे आहेत. हृदयविकारासाठीं डॉक्टरांनीं दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र कोणी आपल्या मनानें बंद करूं नये. आणि गुडघेदुखीसाठीं नित्य गोळ्या घेणाऱ्यानें 'पी. एस. ए.' तपासणीच्या वेळीं तें अवश्य सांगावें.

राहिली हळद. तिच्यांतील कर्क्युमिन आंतड्यांतून फारच थोडें शोषलें जातें. कोरियांत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रोस्टेटच्या रोग्यांना सहा महिने रोज १,४४० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलें, तरी संप्रेरक-उपचारांमधील विश्रांतीचा काळ त्यानें लांबला नाहीं. तीव्र केलेल्या कॅप्सुलांनीं यकृतास इजा झाल्याच्याहि नोंदी आहेत. स्वयंपाकघरांतील एक ग्रॅम हळदींत कर्क्युमिन असतें सुमारें तीस मिलिग्रॅम.