परत आलेल्या रक्ताचा हिशेब
(लेखांक ७)

कोविडनं घरोघरी ऑक्सिमीटर पोचवला आणि ९५ च्या वर आकडा म्हणजे सगळं ठीक, हे डोक्यात पक्कं बसवलं. त्यामुळे मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर आयसीयूत डोकावणारे आईवडील हमखास चक्रावतात. मॉनिटरवर ८० दिसतंय आणि सिस्टर म्हणतात, बाळ छान आहे!

सिस्टर बरोबर सांगतात. काही बाळांच्या हृदयात पंपाचं काम करणारा एकच कप्पा धड असतो. त्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतरही शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतच राहतं. तिथं ७५ ते ८५ हाच योग्य आकडा. उलट ९५ दिसलं की डॉक्टर सावध होतात. याचा अर्थ फुफ्फुसांकडे जास्त रक्त वळतंय आणि बाकीचं शरीर उपाशी राहतंय. शिवाय ऑक्सिजननं फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणजे काळजीपोटी ऑक्सिजन वाढवला, तर दुखणं वाढायचं.

मग बघायचं काय? पेंचच्या कालव्यावरचा शेतकरी पाणी किती सोडलं यावर जात नाही, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, किती उरलं ते बघतो. रक्ताचंही तसंच. शरीरभर फिरून परत येणाऱ्या रक्तात किती ऑक्सिजन शिल्लक आहे, ते महत्त्वाचं. जाताना ८० आणि येताना ५५, तर फरक २५ चा, चालेल. येताना ३५ च उरला, तर हृदय पुरेसं रक्त पोचवत नाही आणि पेशी मिळेल तेवढा ऑक्सिजन ओरबाडून घेताहेत. रक्तदाब मात्र अजून व्यवस्थित दिसत असतो. तो फसवतो.

हे मोजायला मानेजवळच्या मोठ्या शिरेत लाइन टाकून रक्ताचा नमुना घ्यावा लागतो. दुसरा मार्ग 'निर्स'चा. कपाळावर एक आणि कमरेवर, मूत्रपिंडाच्या जागी, एक अशा दोन पट्ट्या चिकटवतात. त्यांतून जाणारा अवरक्त प्रकाश आतल्या ऊतींमधला ऑक्सिजन सतत दाखवत राहतो. १९७७ साली फ्रान्स जॉब्सिस यांनी या तंत्राचा पाया घातला. रक्तपुरवठा आटला की शरीर आधी मेंदू सांभाळतं, म्हणून कमरेचा आकडा बहुधा आधी घसरतो. 'निर्स'नं जीव वाचतात असा ठोस पुरावा अजून नाही, हेही खरं. एकेका आकड्यापेक्षा त्याचा कल बघावा, आणि शंका आली की नमुना तपासावा.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये आलं ते १९५८ साली. आजही नागपूर, गडचिरोली, गोंदियाकडे हा आजार घरोघरच्या ओळखीचा आहे. ऑक्सिजन घटला, शरीर थंड पडलं, रक्तातलं आम्ल वाढलं, की या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. हार्ट-लंग मशीनवर तर शरीर अनेकदा मुद्दामच थंड करतात. आधी माहीत असेल, तर भूलतज्ज्ञ तापमान जपतात, गरज पडल्यास बाळाचं रक्त बदलून घेतात.

तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी बाळाचा सिकलसेलचा रिपोर्ट फाइलला लावा. घरात कुणी 'एएस' (सिकलसेलचा वाहक) किंवा 'एसएस' (सिकलसेलचा रुग्ण) असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.