ग्रंथ देवाचा, हात कोणाचा?

१८३४ साली मुंबईत छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकाच्या नावातच सातारा आहे. लेखक रेव्हरंड जॉन विल्सन. स्कॉटलंडहून १८२९ साली मुंबईला आलेले हे मिशनरी. त्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर अजून उभं आहे. पुस्तक म्हणजे एका उत्तराला दिलेलं प्रत्युत्तर, आणि ते ज्यांना द्यायचं ते गृहस्थ म्हणजे साताऱ्याचे नारायणराव. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. 'स्वदेशधर्माभिमानी' लिहून त्यांनी विल्सनसाहेबांना अंगावर घेतलं होतं.

भांडण त्याआधीचं. १८३१ साली मोरभट दांडेकर आणि विल्सन यांच्यात मुंबईत जाहीर वाद झाला आणि तो अनेक संध्याकाळी चालला. मग दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' काढली, विल्सननी १८३२ साली हिंदू धर्माचं 'बिंग फोडणारं' पुस्तक लिहिलं, त्याला नारायणरावांनी उत्तर दिलं आणि विल्सननी १८३४ साली दुसरा भाग काढला. त्यात वेदान्तावरची टीका मुद्दाम जोडली, कारण साताऱ्याचा गडी पुराणांची वकिली करून थांबला नव्हता.

बायबल ईश्वरप्रेरित आहे का, हा प्रश्न युरोपात चर्चच्या आत उपजला. आपल्याकडे तो वादाच्या बैठकीत आला, आणि एकटा कधीच आला नाही. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न असायचाच: मग वेद? मग पुराणं? मग तुकोबांची गाथा? एका ग्रंथाचं देवपण तपासायला बसलं की तीच फूटपट्टी शेजारच्या ग्रंथालाही लावावी लागते. बहुतेकांना हे गैरसोयीचं वाटे, विल्सनना तर फारच.

विल्सन यांची कसोटी साधारण अशी होती. देवाचा म्हणवणारा ग्रंथ स्वतःशी विसंगत नसावा, त्यातला देव अनीतीनं वागू नये, त्यातलं भूगोल-खगोल डोळ्यांना दिसणाऱ्या जगाशी जुळावं. या कसोटीवर दुधाचे समुद्र आणि मेरू पर्वत टिकेनात, हे उघड आहे. पण युरोपात ही कसोटी बायबललाही लावून झाली होती. टॉमस पेननी 'एज ऑफ रीझन'मध्ये १७९४ सालीच बजावलं होतं की साक्षात्कार ज्याला झाला त्याच्यापुरताच तो साक्षात्कार; त्यानं दुसऱ्याला सांगितला की ती ऐकीव गोष्ट. फ्रेंच वैद्य झाँ आस्त्र्युक यांनी त्याच्याही आधी, १७५३ साली, उत्पत्तीच्या पुस्तकात दोन निराळे धागे दाखवले होते: एका कथेत देवाला एक नाव, दुसरीत दुसरं. पहिल्या अध्यायात माणूस सर्वांच्या शेवटी निर्माण होतो, दुसऱ्या अध्यायात प्राण्यांच्या आधी. मुंबईच्या वादात विल्सन ज्या आत्मविश्वासानं बोलत, त्याच्या पायाखालची जमीन त्यांच्याच खंडात भुसभुशीत होऊ लागली होती. नारायणरावांना यातलं किती ठाऊक असेल ते असो. दुसऱ्याच्या ग्रंथावर चालवलेली सुरी आपल्याही ग्रंथावर चालते, एवढं कळायला युरोपातले पंडित लागत नाहीत.

मुळात बायबल स्वतःबद्दल काय म्हणतं? इथे मराठी वाचकाची एक गफलत होते. वेद अपौरुषेय, तसं बायबलही ख्रिस्ती लोक आकाशातून उतरलेलं मानत असतील, असं आपण गृहीत धरतो. तसं नाही. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलात ७३, आणि त्यांतल्या कित्येकांवर माणसांची नावं आहेत. शास्त्रलेख देवाच्या श्वासातून आलेले आहेत, हे ज्या पत्रावरून सांगतात ते म्हणजे पौलाच्या नावचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र. त्याच पत्राच्या शेवटी पौल कळवतो की त्रोवसात कार्पाच्या घरी राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण. दुसऱ्या एका पत्रात तो बजावतो की हे प्रभूचं सांगणं नव्हे, माझं आहे. लूक तर शुभवर्तमानाच्या आरंभी चक्क सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी लिहिलंय, मीही नीट चौकशी करून क्रमवार लिहितोय. हा पत्रकाराचा सूर झाला, ऋषीचा नव्हे.

म्हणजे ख्रिस्ती दावा वेदांच्या दाव्यापेक्षा अवघड आहे. लेखक माणूसच, भाषा त्याची, झगाही त्याचाच विसरलेला. तरी बोलतो देव. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, याच्यावर ख्रिस्ती पंडितांनी दोन हजार वर्षं शाई खर्च केली आहे.

आपल्याकडे या बाबतीतला सर्वांत चलाख विचार मीमांसकांचा, आणि त्याचं मोठं घर सातारा जिल्ह्यातच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी 'मीमांसाकोश' सिद्ध केला. मीमांसेचं म्हणणं असं की ग्रंथात दोष येतो तो कर्त्यामुळे. कर्ता चुकतो, विसरतो, फसवतोही. वेदांना कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. म्हणून दोषाला शिरायला दारच नाही. युक्तिवाद म्हणून बिनतोड, पण किंमत जबर: ग्रंथ कोणाचा तरी आहे, कोणीतरी कोणाला तरी काही सांगतंय, ही जाणीवच त्यात विरते. त्याच पाठशाळेत वाढलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी 'हिंदुधर्माची समीक्षा' लिहून या शब्दप्रामाण्यालाच हात घातला. विल्सननी त्याच्या शंभर वर्षं आधी बाहेरून जे केलं, ते वाईत आतून झालं आणि अधिक चोख झालं, असं माझं मत आहे.

एकोणिसाव्या शतकात बायबलच्या बाजूला काय झालं, ते पाहताना नाताळच्या बिशप कोलेन्सोंना वगळता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतले हे बिशप आधी अंकगणिताची पाठ्यपुस्तकं लिहिणारे. झुलू भाषेत भाषांतर करताना त्यांच्या झुलू साहाय्यकानं, विल्यम न्गिडीनं, नोहाच्या जलप्रलयाबद्दल विचारलं की हे सारं खरंच घडलं का? कोलेन्सोंना 'हो' म्हणवेना. मग त्यांनी मोशेच्या पुस्तकांतले आकडे घेऊन हिशेब मांडला, सहा लाख लढवय्ये रानातून कसे चालले असतील, कुठे राहिले असतील, आणि १८६२पासून ते छापायला सुरुवात केली. त्यांच्यावर पाखंडाचा खटला झाला. ज्यांना शिकवायला गेलो त्यांनीच प्रश्न विचारावा आणि शिकवणाऱ्याचं मन पालटावं, हे नाताळमध्ये घडलं. मुंबई-साताऱ्यात घडलं नाही, कारण इथे दोन्ही बाजू जिंकायला बसल्या होत्या.

सांगली-मिरजेची गोष्ट निराळी. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली आधी सांगलीत आले, मग मिरजेला गेले, आणि १८९४ साली तिथे रुग्णालय उभं राहिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ साली, अमेरिकेत त्याच प्रेस्बिटेरियन चर्चनं न्यूयॉर्कचे प्राध्यापक चार्ल्स ब्रिग्ज यांना निलंबित केलं होतं. गुन्हा असा की बायबलच्या मूळ प्रतीतही चुका असू शकतात, असं ते म्हणाले. १८८१ सालीच प्रिन्स्टनच्या हॉज आणि वॉरफील्ड यांनी उलट भूमिका मांडली होती: आज हाती असलेल्या प्रतींत चुका सापडतील, मूळ हस्तलेख मात्र निर्दोष होते. ते मूळ हस्तलेख आज कोणाकडेच नाहीत, त्यामुळे हा दावा खोटा पाडताही येत नाही. मीमांसकांना हा डाव नक्की आवडला असता. मिरजेत मोतीबिंदू काढून घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला मात्र या खटल्याची वार्ता असण्याचं कारण नव्हतं. देवाचं पुस्तक त्याला कळलं ते बहुधा डॉक्टरच्या हातावरून, आणि ग्रंथप्रामाण्याच्या कोणत्याच शास्त्रात या पुराव्याला कोष्टक नाही.

आता जोतीराव फुले. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं कटगुण. पुण्यात ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ताबद्दल त्यांना मनापासून आदर होता, त्याला त्यांनी बळीराजाच्या पंक्तीला बसवलं. मिशनऱ्यांना वाटलं असेल, हा माणूस आता आलाच. आला नाही. १८८८ साली पक्षाघातानं उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं लिहिलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी निकाल दिला: कोणत्याही धर्मपुस्तकात आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखं सत्य नाही. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली निघालं. त्यातलं एकच कुटुंब मला सतत आठवतं: बाईनं वाटल्यास बौद्ध व्हावं, पुरुषानं ख्रिस्ती, मुलीनं कुराण मानावं, मुलानं सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकाच घरात गोडीनं राहावं. ग्रंथ ईश्वरप्रणीत असल्याचा दावा एकदा खाली ठेवला की मग हे शक्य होतं. सत्यशोधक चळवळीनं पुढे सातारा-सांगलीत खोल मूळ धरलं, त्यामागची कारणं जमीन, जात आणि भटशाही ही होती हे खरंच. पण जोतीरावांची ग्रंथांबद्दलची ही भूमिका विसरली की ती चळवळ निम्मीच कळते.

पंडिता रमाबाई याच्या नेमक्या उलट टोकाला. १८८३नंतर इंग्लंडात असताना त्यांनी तिथल्या सिस्टरांशी आणि धर्मगुरूंशी कडाक्याचा वाद घातला, बिशप म्हणतात म्हणून काही मानणार नाही असं ठणकावलं. मात्र बायबलवरचा त्यांचा विश्वास वयाबरोबर घट्ट होत गेला. शब्द देवाचे, तर मग ते मूळ भाषेतूनच घ्यायला हवेत. म्हणून या विदुषीनं उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांच्या हातून जुळणी-छपाई करवून, आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं. प्रेरणेच्या सिद्धान्तासाठी एवढे कष्ट घेणारा दुसरा मराठी माणूस मला माहीत नाही.

आणि साताऱ्यातच, नारायणरावांनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, या प्रश्नाला तिसरंच वळण मिळालं.

कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन सहप्रवाशानं तो दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांनी त्यात चमत्कारांचे पुरावे धुंडाळले नाहीत. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. ते ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, तिथलं वारंही थोडं मोकळं होतं. अहमदनगरच्या रॉबर्ट ह्यूम यांना त्यांच्या उदार मतांपायी मिशनच्या अमेरिकेतल्या बोर्डानं १८८६ साली भारतात परत धाडायला काही काळ खळखळ केली होती.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ते म्हणत, आणि याचा पुढचा अर्थ त्यांनी लपवला नाही: आपले संत म्हणजे आपला पहिला जुना करार. इस्राएली लोकांना यशया, यिर्मया. मराठी माणसाला ज्ञानोबा, तुकोबा. हे गोड बोलणं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. ख्रिस्ताची वाट तयार करण्याचं काम देवानं तुकोबांकडूनही करवून घेतलं असेल, तर ईश्वरी प्रेरणा ६६ पुस्तकांच्या बांधणीत मावत नाही. ३६७ साली अथनेशियस बिशपांनी नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी दिली आणि पुढे दार लावलं गेलं. साताऱ्याच्या या कवीनं त्या दाराला निदान फट पाडली.

मला टिळकांचं उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटतं, पण ते फुकट मिळत नाही. तुकोबा प्रेरित, तर मग चोखोबा? कबीर? रामदास? रेषा कुठे ओढायची? 'ख्रिस्ताच्या उजेडात' असं उत्तर टिळक देतील. म्हणजे पुन्हा एक कसोटी आली, आणि ती निवडली माणसानं. फुल्यांनी इथेच हसून मान हलवली असती. फरक इतकाच की टिळकांची कसोटी दुसऱ्याचा ग्रंथ पाडायला निघालेली नव्हती. विल्सन आणि दांडेकर दोघांनाही हे सुचलं नव्हतं.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांची भजनं 'उपासना संगीत'मधून मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. त्यांना कोणी शास्त्रलेख म्हणत नाही, म्हणूही नये.

'ख्रिस्तायन' मात्र अर्धवट राहिलं होतं. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचे सुरुवातीचे अध्याय टिळकांचे, उरलेलं बरंचसं लक्ष्मीबाईंचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्यामागे पाच वर्षांनी ख्रिस्ती झालेल्या बाईचं. ग्रंथ १९३८ साली, त्याही गेल्यावर, प्रसिद्ध झाला. यशयाच्या पुस्तकाचा चाळीसाव्या अध्यायापासूनचा भाग दुसऱ्याच, पुष्कळ नंतरच्या संदेष्ट्याचा आहे, असं अभ्यासक शैलीवरून आणि काळाच्या खुणांवरून सांगतात. कित्येक श्रद्धाळूंना तो घाला वाटतो. 'ख्रिस्तायना'त एक हात कुठे थांबला आणि दुसऱ्यानं कुठून उचललं, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यानं त्यातली एकही ओवी उणी झालेली नाही.