दुपट्यातला आतला थर: शिवण्याआधीचा दीड तास, जो माझे 4,250 रुपये वाचवू शकला असता

मागच्या व्हिडिओत आपण दुपट्याचं कटिंग पाहिलं. आज बोलायचंय आतल्या थराबद्दल, म्हणजे बॅटिंगबद्दल. क्रिकेटची नाही हो, वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये जी गादीसारखी शीट जाते ती.

आधी माझी चूक सांगते. दुकान सुरू करून वर्ष झालं होतं. बाळंतविड्यासाठी 12 दुपट्यांची ऑर्डर आली, साइज 36 बाय 48 इंच, भाव 850 रुपये नग. सुती कापड मी नीट धुऊन घेतलं होतं. कॉटन बॅटिंग मात्र पिशवीतून काढली आणि घड्यांसकट तशीच कापली. दुपटी दिसायला झकास झाली. पहिल्या धुण्यात आतलं कॉटन आकसलं, कापड होतं तेवढंच राहिलं आणि सगळीकडे चुण्या पडल्या. 5 दुपटी परत आली. 4,250 रुपये तर गेलेच, पण ती ताई पुन्हा दुकानात आली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा मनात आलं, आजीच्या गोधडीत असं कधी झालं नाही. कारण सोपं आहे. गोधडीत जुन्या साड्या आणि धोतरं असायची. ती वर्षानुवर्षं धुतलेली, आकसायचं तेवढं आधीच आकसून झालेलं. आपण नवा माल वापरतो, म्हणून ते काम आपल्याला करावं लागतं.

1. आधी तुकडा तपासा
कॉटन शीटचा 10 बाय 10 इंचाचा तुकडा कापा. कोमट पाण्यात भिजवा, हलक्या हाताने दाबून पाणी काढा, सपाट वाळवा आणि मोजा. 9.6 इंच भरला तर 4 टक्के आकसला. म्हणजे 48 इंचांत जवळजवळ 2 इंच गेले! पॉलिस्टरची फायबर शीट सहसा आकसत नाही, पण गरम इस्त्री लागली की वितळते, हे विसरू नका.

2. वजन करून बघा
दुकानदार 150 जीएसएम म्हणतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. 50 बाय 50 सेंटिमीटरचा तुकडा किचनच्या काट्यावर ठेवा आणि आलेल्या आकड्याला 4 ने गुणा. साडेसदतीस ग्रॅमच्या आसपास आला तर माल बरोबर. पावसाळ्यात कॉटन हवेतला ओलावा धरतं, म्हणून कोरड्या दिवशी मोजा.

3. घड्या जाऊ द्या
शीट आदल्या रात्री स्वच्छ चटईवर पसरून ठेवा. कॉटनच्या घड्या हट्टी असतील तर स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा, हाताने सारखं करा आणि पूर्ण वाळू द्या. ओढू मात्र नका, ताणलेली शीट शिवल्यावर मागे येते.

4. भिजवायची की नाही?
पाकिटावर लिहिलेलं वाचा. परवानगी असेल तर टबमध्ये भिजवा, पिळू नका, मशीनमध्ये घुसळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा. सुटा पिंजलेला कापूस असेल तर भिजवायचाच नाही, गोळे होतात. त्याला उन्ह द्या आणि टाके जवळजवळ घाला, नाहीतर धुतल्यावर कापूस एका कोपऱ्यात जमतो.

5. कण काढा
ब्लीच न केलेल्या कॉटनमध्ये सरकीच्या टरफलाचे तपकिरी कण असतात. वरचं कापड पांढरं किंवा फिकट असेल तर ते आतून दिसतात. उजेडात बसून चिमट्याने वेचून घ्या.

6. मोठं कापा
वरच्या कापडापेक्षा दुपट्याला चारही बाजूंनी 2 इंच जास्त ठेवा, डबल बेडच्या रजईला 4 इंच. क्विल्टिंग करताना थर सरकतात. जादाचं शेवटी कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही.

7. तुकडे जोडताना
उरलेले तुकडे फेकू नका, त्यातच आपला नफा आहे. कडा सरळ कापा, एकमेकांना फक्त टेकवा आणि मोठ्या झिगझॅगने जोडा. एकावर एक चढवल्या तर तिथे जाड पट्टी हाताला लागते.

आता हिशोब
12 दुपट्यांच्या लॉटला ही तयारी साधारण दीड तासाची. मजुरी तासाला 100 रुपये धरली तर 150 रुपये, म्हणजे एका नगामागे साडेबारा रुपये. हे साडेबारा रुपये तुमच्या भावात धराच. बऱ्याच ताई फक्त कापड आणि शिलाई मोजतात, तयारीचा वेळ फुकट समजतात. मग घाई होते आणि तीच पायरी गळते. माझीही तशीच गळली होती.

या आठवड्याचं गृहपाठ एकच: तुमच्याकडच्या शीटचा 10 इंची तुकडा धुवा आणि मालाचं नाव, तारीख, माप वहीत लिहून ठेवा. नवीन लॉट आला की पुन्हा. किती आकसला ते कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या वेळी बघू, तिन्ही थर न सरकता एकत्र कसे टाचायचे.