आजोबांच्या फोनची वितळतार

घरातील विजेच्या मंडलात वितळतार असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. विद्युतधारा मर्यादेबाहेर वाढली की ती तार तापून वितळते आणि मंडल तुटते. त्या क्षणी घरात कोणी सावध आहे की नाही, यावर तिचे काम अवलंबून नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांचा फोन सुरक्षित ठेवताना हेच तत्त्व उपयोगी पडते. कसे ते पाहू.

आपल्या जत तालुक्यातील अनेक घरांतली तरुण माणसे नोकरीधंद्यासाठी सांगली, पुणे, मुंबईकडे असतात. गावी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना फोनचाच आधार. पण बँकेचे खातेही त्याच फोनला जोडलेले असते. "बँकेतून बोलतोय, आलेला ओटीपी सांगा," असे कोणी म्हणाले, तर घरच्यांनी दिलेली ताकीद त्या क्षणी आठवायला हवी. स्मृतिभ्रंशात नेमके तेच जमत नाही.

याचे कारण मेंदूत आहे. नव्या घटना लक्षात ठेवण्यासाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आवश्यक असतो. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केलेल्या आजारात या भागाची झीज लवकर सुरू होते. हाताच्या सवयी मात्र मेंदूच्या इतर भागांवर अवलंबून असल्याने पुष्कळदा अधिक काळ टिकतात. म्हणून आजोबा फोन बरोबर उचलतात, सवयीने पिनही दाबतात. पण सकाळी दिलेली सूचना दुपारी विसरतात. यात त्यांचा हट्ट किंवा निष्काळजीपणा नसतो.

तेव्हा सावधगिरीचा भार त्यांच्या स्मृतीवर न टाकता व्यवस्थेवर टाकावा.

पहिली गोष्ट, अनोळखी क्रमांकांवरून येणारे फोन बंद ठेवण्याची सोय अनेक फोनमध्ये असते. ती वापरण्यापूर्वी शेजारी, डॉक्टर, नातेवाईक यांचे क्रमांक नोंदवून घ्या.

दुसरी, फोनला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. पेन्शन व ठेवी वेगळ्या खात्यात असाव्यात. हीच खरी वितळतार! फसवणूक झालीच तरी हानी मर्यादेत राहते.

तिसरी, हातातला फोन विनाकारण बदलू नका. आपल्या सीमाभागात अनेकांची घरची भाषा कन्नड असते. आजोबांना जी भाषा सहज वाचता येते तीच फोनवर ठेवा.

चौथी, फोनवरून माणसाचे ठिकाण कळू शकते. त्यासाठी फोन निदान चार उपग्रहांचे संदेश पकडतो. पण फोनच घरी राहिला तर उपग्रह काय करणार? म्हणून सदऱ्याच्या खिशात घरच्या क्रमांकाची चिठ्ठी हवीच.

पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी ते थांबवता येण्याची शक्यता असते.

हे सारे आजाराच्या सुरुवातीलाच, आजोबांना विचारून करावे. वितळतार फार बारीक घेतली तर दिवा लावताच घर अंधारात जाते. फार जाड घेतली तर ती वितळतच नाही. फोन काढून घेणे म्हणजे तर घराची वीजच तोडणे! पुण्याच्या लेकीचा रोजचा फोन त्यांच्यापर्यंत पोचलाच पाहिजे.